गंभीर आजारात चिंतेची गोळी: सुरू करताना, चालू असताना आणि थांबवताना

कॅन्सर, हार्ट फेल्युअर, किडनी किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या माणसाला चिंतेसाठी अँटिडिप्रेसंट (उदासी आणि चिंता दोन्हींवर देतात ते औषध) सुरू होतं, तेव्हा घरात दोन चुका हमखास होतात. पहिल्याच आठवड्यात मळमळ आणि बेचैनी वाढली की 'सोसत नाही' म्हणून गोळी बंद केली जाते. दुसरी चूक सहा महिन्यांनी होते. पेशंट ॲडमिट होतो, नाहीतर स्ट्रिप संपते, आणि गोळी कुणाच्या लक्षातही न येता सुटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, घाम, रडू, झोप उडणं सुरू झालं की सगळे म्हणतात, आजार बळावला.

दोन्ही चुका टाळायला वहीत तीन तारखा हव्यात: गोळी कधी सुरू झाली, डोस शेवटचा कधी बदलला, आणि शेवटची गोळी प्रत्यक्ष पोटात कधी गेली. अंगावर दिसणारी लक्षणं साइड इफेक्टची, गोळी सुटल्याची आणि मूळ आजाराची बरीचशी सारखीच असतात. त्यांतला फरक कळतो तो मुख्यतः तारखेवरून.

डोस ठरवणं आणि बदलणं डॉक्टरांचं काम आहे. पुढचं सगळं घरी काळजी घेणाऱ्यांसाठी आहे.

## १. हातातली गोळी नेमकी कोणती, ते वाचा

'टेन्शनची गोळी' किंवा 'झोपेची गोळी' एवढ्या माहितीवर काहीच करता येत नाही. स्ट्रिप उलटी करा आणि ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वहीत उतरवा. साधारण पुढीलपैकी एक असेल:

- एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन: चिंतेसाठी सर्वांत जास्त दिला जाणारा गट.
- व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन: चिंतेसोबत नसांच्या वेदना असतील तर ड्युलोक्सेटिनकडे कल असतो. लिव्हरचा आजार किंवा किडनी फार मंदावलेली असेल तर ते टाळतात.
- मिर्टाझापिन: रात्री देतात. झोप आणते, भूक वाढवते, म्हणून वजन उतरलेल्या पेशंटला सोयीचं पडतं.
- ॲमिट्रिप्टिलिन: जुनं औषध, कमी डोसमध्ये वेदनेसाठीही देतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. एकाच गोळीत दोन औषधं आहेत का, ते पाहा. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅमसोबत क्लोनाझेपॅम किंवा एटिझोलॅम, आणि ॲमिट्रिप्टिलिनसोबत क्लोरडायझेपॉक्साइड अशा जोडगोळ्या सर्रास लिहिल्या जातात. ब्रँडच्या नावाला 'प्लस'सारखी शेपूट असेल तर संशय घ्याच. ही दुसरी औषधं अँटिडिप्रेसंट नाहीत. ती लगेच शांत करतात, त्यांची शरीराला सवय लागते, आणि काही आठवडे रोज घेतल्यावर एकदम सोडली तर फिट येऊ शकते.

तपासा: वहीत औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि जोडीचं औषध, अशा चार गोष्टी आल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. घाबरं होण्यामागे दुसरं काही नाही ना?

गंभीर आजारात 'जीव घाबरा होतो' या तक्रारीमागे मनातली चिंता असतेच असं नाही. गोळी सुरू करण्याआधी आणि चालू गोळीचा डोस वाढवण्याआधी एवढं पाहून घ्या:

- ऑक्सिजन. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा लिहा, श्वास मिनिटाला किती ते मोजा.
- वेदना. दुखणं सांगता न येणारा पेशंट नुसता तळमळतो.
- लघवी तुंबणं आणि चारपाच दिवसांचा बद्धकोष्ठ. वयस्कर माणसात रात्रीच्या अस्वस्थतेचं हे फार साधं आणि फार वेळा निसटणारं कारण आहे.
- डायबेटिस असेल तर शुगर.
- डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड. संध्याकाळचा डोस रात्रभर जागवतो. तो सकाळी किंवा दुपारच्या आत हलवता येईल का, हे विचारा.
- सॅल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन. त्यानंतर हात थरथरतात, छातीत धडधडतं.

उलटीवरच्या औषधांचं वेगळं सांगायला हवं. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल यांनी काही जणांना एक विचित्र बेचैनी होते. बसवत नाही, पाय सतत हलतात, उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात, 'कातडीतून बाहेर पडावंसं वाटतंय' असं पेशंट म्हणतो. घरच्यांना ती चिंता वाटते, चिंतेची गोळी वाढते, आणि खरं कारण असलेली उलटीची गोळी तशीच चालू राहते. ही बेचैनी उलटीचं औषध सुरू झाल्यावर किंवा वाढल्यावर आलेली असते. वहीतली तारीख इथेच पहिल्यांदा कामाला येते.

## ३. पहिल्या गोळीआधी: यादी आणि तपासण्या

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. सगळी म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, आयुर्वेदिक, खोकल्याचं सिरप, गुडघेदुखीची गोळी, सगळी. पुढच्या जोड्या दिसल्या तर स्वतःहून विचारा, कारण कॅन्सरचे, हृदयाचे आणि मनाचे डॉक्टर एकमेकांचे कागद पाहतीलच असं नाही.

टॅमॉक्सिफेन. स्तनाच्या कॅन्सरवरचं हे औषध शरीरात गेल्यावर लिव्हरमधल्या एका एन्झाइममुळे पूर्ण प्रभावी रूपात येतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन नेमकं तेच एन्झाइम अडवतात. पेशंट टॅमॉक्सिफेनवर असेल तर व्हेन्लाफॅक्सिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखे पर्याय बरे पडतात. हेच एन्झाइम कोडीन आणि ट्रॅमाडॉललाही कामाला लावतं, त्यामुळे त्यांचाही वेदनाशामक गुण कमी पडू शकतो.

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, पेथिडिन, लिनेझोलिड, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं कोरड्या खोकल्याचं सिरप. अँटिडिप्रेसंटसोबत सेरोटोनिनचा (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन, जे यातल्या बहुतेक गोळ्या वाढवतात) अतिरेक होण्याचा धोका कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत आहे. लिनेझोलिड औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत महिनोन्‌महिने चालतं. टीबी केंद्रावर आपल्या चिंतेच्या गोळीचं नाव सांगितलंच पाहिजे.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणारी इतर औषधं, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांनी प्लेटलेटची चिकटण्याची ताकद कमी होते. त्यावर ही औषधं पडली की पोटातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. केमोने प्लेटलेट आधीच उतरल्या असतील तर आणखीच.

ऑन्डान्सेट्रॉन, डॉम्पेरिडोन, अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मेथाडोन, बेडाक्विलिन. एस्सिटॅलोप्रॅमसोबत हृदयाच्या ठोक्यांच्या विजेत गडबड होऊ शकते. उलट्या-जुलाबांनी किंवा लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलेलं असेल तर धोका वाढतो. वय ६५ च्या पुढे एस्सिटॅलोप्रॅम दिवसाला १० मिग्रॅच्या वर नेत नाहीत ते याच कारणाने. ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल चालू असेल तर एस्सिटॅलोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ॲसिडिटीची गोळी कोणती आहे तेही सांगा.

तपासण्या फार नाहीत: सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, लिव्हरची तपासणी, प्लेटलेटसह हिमोग्राम, आणि हृदयाचा आजार किंवा लगेच वरच्या परिच्छेदातलं औषध असेल तर ईसीजी. बहुतेक पेशंटच्या फाइलमध्ये यातलं पुष्कळ आधीच असतं. तारीख जुनी असेल तर विचारा.

सावधान: काचबिंदू, प्रोस्टेटमुळे अडणारी लघवी किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असलेल्याला ॲमिट्रिप्टिलिन देण्याआधी ही माहिती डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे.

## ४. पहिले पंधरा दिवस

सुरुवात नेहमीच्या निम्म्या डोसने होते: एस्सिटॅलोप्रॅम ५ मिग्रॅ, सर्ट्रालिन २५ मिग्रॅ, मिर्टाझापिन ७.५ मिग्रॅ. एवढ्याने काय होणार, असं वाटून कुणी दोन गोळ्या देऊ नयेत.

चिंतेवर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकतो. हे उलटं गणित पेशंटला आधी सांगितलं नाही, तर सातव्या दिवशी गोळी खिडकीतून बाहेर जाते.

या काळात काय होतं आणि काय करायचं:

- मळमळ: गोळी जेवणानंतर द्या. बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते.
- पातळ शौच: सर्ट्रालिनने जास्त. केमोमुळेही जुलाब असतील तर दिवसातून किती वेळा, ते लिहा.
- झोप उडाली: गोळी सकाळी. झोप जास्त येते: गोळी रात्री. ही वेळ बदलतानाही फोन करून विचारा.
- मिर्टाझापिनची सकाळपर्यंत टिकणारी गुंगी: रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत हवं. पडण्याची भीती हीच इथली मोठी.
- ॲमिट्रिप्टिलिनचं कोरडं तोंड आणि बद्धकोष्ठ: मॉर्फिनही चालू असेल तर शौचाचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.
- बेचैनीत आणि धडधडीत थोडी वाढ: पहिल्या आठवड्यात होऊ शकते. सौम्य असेल तर डोस न वाढवता थांबतात.

अशा सुरुवातीच्या बेचैनीसाठी डॉक्टर थोडे दिवस क्लोनाझेपॅम जोडतात. ते किती दिवसांसाठी आहे, हे तेव्हाच विचारून वहीत लिहा. बहुतेक घरांत 'दोन आठवडे' म्हणून आलेली ही गोळी दोन वर्षांनीही डब्यात असते. मॉर्फिन घेणाऱ्या किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्या माणसात ती श्वास मंदावते, म्हणून घरच्या घरी जास्तीची अर्धी गोळी कधीच देऊ नये.

लगेच फोन: बेचैनी अचानक टोकाला गेली, पेशंट रात्रंदिवस जागा राहून अखंड बोलू लागला, मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली. 'आता बास झालं' हे दुखणाईताचं नेहमीचं वाक्य म्हणून सोडून देऊ नका, सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतोय का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. औषधांचा डबा कुलपात ठेवा. ॲमिट्रिप्टिलिनची एकदम घेतलेली जास्त मात्रा हृदय बंद पाडू शकते. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

## ५. गोळी रुळल्यावर लक्ष कशावर

### सोडियम

वयस्कर माणूस, लघवीची गोळी आणि सोबत ही गोळी, या तिघांची गाठ पडली की सोडियम उतरण्याची शक्यता असते. बहुधा पहिल्या महिन्यातच. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, मग सुस्ती, असंबद्ध बोलणं, तोल जाणं. घरात याला 'वयामुळे भ्रमिष्टासारखं करतात' असं नाव पडतं. सोडियमची नेहमीची पातळी १३५ ते १४५ असते. सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी एकदा तपासून घेणं शहाणपणाचं. मिठाचं पाणी पाजून हे दुरुस्त होत नाही, आणि हार्ट फेल्युअरमध्ये तर मीठ घातक.

### रक्तस्राव

डांबरासारखी काळी शौच, हिरड्यांतून रक्त, कारण नसताना अंगावर निळे डाग. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची होत नाही. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली गोळी या काळात बंद. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल का आणि किती, ते लिव्हरच्या रिपोर्टवर ठरतं.

### सेरोटोनिनचा अतिरेक

नवं औषध जोडल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत, बहुतेक वेळा २४ तासांच्या आत सुरू होतो: घाम, थरथर, पायांना झटके, जुलाब, ताप, डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या, गोंधळ. पुढची गोळी न देता १०८ ला फोन करा आणि सगळ्या स्ट्रिपा सोबत न्या. गोळी एकदम थांबवणं योग्य ठरतं अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

### बेशुद्धी

क्षणभर शुद्ध हरपणं किंवा ठोके चुकल्यासारखं वाटून डोळ्यांपुढे अंधारी येणं. पाणी मारून उठवून बसवलं की काम संपत नाही, त्याच दिवशी ईसीजी हवा.

## ६. गोळी सुटते त्या जागा

ठरवून गोळी बंद करणारे थोडे. बहुतेकांची ती सांध्यावर सुटते: घरातून दवाखान्यात, आयसीयूतून वॉर्डात, वॉर्डातून घरी, तोंडातून नळीत. आधीच बंदोबस्त करून ठेवायचा तो इथे.

ॲडमिट होताना. वहीतला मजकूर एका चिठ्ठीवर उतरवून फाइलच्या पहिल्या पानाला टाचा. 'सर्ट्रालिन ५० मिग्रॅ, रोज सकाळी, गेले ८ महिने. शेवटची गोळी सोमवारी सकाळी ९ वाजता. खंड पडू देऊ नये, थांबवायची असल्यास सांगावे.' एवढंच. तोंडी सांगितलेलं ड्यूटी बदलली की विरतं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांना विचारा की ही गोळी चार्टवर आली का.

ऑपरेशनआधी उपाशी. 'पोटात काही नको' याचा अर्थ सगळ्या गोळ्या बंद असा घरचे लावतात. बहुतेक वेळा ही गोळी घोटभर पाण्यासोबत द्यायला भूलतज्ज्ञ सांगतात, पण ते त्यांनीच सांगायला हवं. ऑपरेशनमध्ये मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरणार असतील तर या गोळीशी त्याचं वाकडं आहे, म्हणून गोळीचं नाव आधीच कळवा.

डायलिसिसचा दिवस. बीपीची गोळी त्या सकाळी देऊ नका असं काही पेशंटना सांगितलेलं असतं. घरी त्याचा अर्थ 'सकाळच्या सगळ्या गोळ्या नकोत' असा होतो. आठवड्यातून तीन डायलिसिस म्हणजे चिंतेच्या गोळीला तीन खाडे. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम डायलिसिसमध्ये फारशी धुऊन जात नाहीत, तेव्हा ती त्या दिवशीही द्यायची, फक्त वेळ कोणती ते विचारून घ्या.

नाकातली नळी. क्रम असा ठेवा:

१. गोळी कुटता येते का, हे आधी विचारा. सर्ट्रालिन आणि एस्सिटॅलोप्रॅमच्या साध्या गोळ्या बारीक करून देता येतात. मिर्टाझापिनचा जिभेवर विरघळणारा प्रकार सोपा. व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन, पॅरॉक्सेटिन यांचे सावकाश सुटणारे प्रकार कुटायचे नाहीत. दिवसभराची मात्रा एका झटक्यात सुटते आणि रात्री ती उरत नाही. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणेही चुरायचे नाहीत, पोटातल्या ॲसिडपासून वाचवणारं त्यांचं आवरण फुटतं. अशा वेळी डॉक्टर औषधाचा प्रकार किंवा औषधच बदलून देतात.

२. नळी ३० मिली पाण्याने धुवा.

३. गोळी अगदी पिठासारखी करून १० ते १५ मिली पाण्यात विरघळवा. दुधात किंवा फीडमध्ये मिसळू नका. इतर गोळ्यांसोबत एकत्र कुटू नका.

४. दिल्यावर पुन्हा ३० मिली पाणी. पाण्यावर बंधन असलेल्या पेशंटमध्ये हे पाणी दिवसाच्या हिशेबात धरा, आणि किती कमी पाण्यावर भागेल ते विचारा.

उलटी. गोळी दिल्यावर लगेच उलटी झाली आणि त्यात गोळी अख्खी दिसली, तर विचारून पुन्हा द्या. दिसली नाही तर परत देऊ नका. वहीत 'उलटी' असा शेरा मारा. केमोनंतर सलग तीन दिवस असं झालं तर ते तीन दिवस गोळी घेतलेली नाही असंच धरा.

डिस्चार्ज कार्ड. जुन्या यादीशी ओळीओळीने ताडून पाहा. गोळी गायब असेल तर 'मुद्दाम काढली की राहून गेली?' हा प्रश्न वॉर्ड सोडण्याआधीच विचारायचा. बिल भरल्यावर कुणी भेटत नाही.

स्ट्रिप संपणं. या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात, जोडगोळ्यांच्या बाबतीत मेडिकलवाले जास्तच काटेकोर असतात. गणपतीला गावी निघालात आणि स्ट्रिप मुंबईत राहिली, तर तिथे सुट्टीच्या दिवशी ती मिळवणं कठीण. दहा दिवसांचा साठा उरला की नवी स्ट्रिप, आणि मूळ चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये.

उपास. एकादशी असो की रोजा, गोळीची वेळ आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. न सांगता दिवस गाळू नका.

## ७. गोळी सुटल्याचा त्रास ओळखणं

किती दिवसांनी सुरू होतो, ते औषध शरीरातून किती झपाट्याने जातं यावर अवलंबून. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिनचा त्रास एक-दोन दिवसांत, कधी एका चुकलेल्या डोसवरही. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅमचा साधारण दोन ते चार दिवसांत. फ्लुओक्सेटिन शरीरात कितीतरी दिवस रेंगाळतं, त्यामुळे त्याचा त्रास सौम्य असतो आणि कधी दोन-तीन आठवड्यांनी येतो, तोवर गोळी बंद केल्याचं सगळे विसरलेले असतात.

लक्षणं: डोकं हलवलं किंवा डोळे फिरवले की मेंदूत करंट बसल्यासारखा झटका, गरगरणं, ताप नसताना फ्लूसारखं अंग, मळमळ, घाम, भडक स्वप्नं, चिडचिड, कारण नसताना रडू, आणि आधीपेक्षा तीव्र चिंता. करंटचा झटका पेशंट आपणहून क्वचित सांगतो, वेड लागल्यासारखं वाटेल म्हणून लपवतो. तुम्हीच विचारा.

आजार उलटला की गोळी सुटली, हे ठरवताना:

- चिंता मूळ रूपात परतते ती हळूहळू, काही आठवड्यांत. गोळी सुटल्याचा त्रास दिवसांत उसळतो.
- करंट, गरगर आणि फ्लूसारखं अंग हे मूळ चिंतेत सहसा नसतं.
- पूर्वीचा डोस परत सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत उतार पडला, तर गोळीच सुटली होती.

जोडगोळीतलं क्लोनाझेपॅम सुटलं असेल तर थरथर, घाम, भास, फिट अशी वाट असते. त्याला सकाळपर्यंत थांबायचं नाही.

काय करायचं: एखादा डोस विसरला आणि त्याच दिवशी आठवला तर द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन डोस एकत्र कधीच नाही. दोन किंवा अधिक दिवस गेले असतील तर शेवटच्या गोळीची तारीख सांगून डॉक्टरांना फोन करा. खंड मोठा असेल तर थेट पूर्वीच्या डोसवर न जाता कमीपासून सुरुवात करतात.

## ८. ठरवून बंद करायची असेल तर

आधी वेळ निवडा. केमोची फेरी, नुकतीच झालेली ॲडमिशन, घर बदलणं, यांच्या आसपास नको. स्टेरॉइड कमी होत असताना तर मुळीच नको, कारण त्यानेही गळाठा आणि उदासी येते आणि कुणाचा दोष कोणाच्या माथी, ते कळत नाही. एका वेळी एकच औषध कमी करायचं. जोडगोळी असेल तर आधी दोन औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत करून घ्या, नाहीतर एक कमी करताना दुसरंही आपोआप कमी होतं.

एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅवर कित्येक महिने असलेल्या पेशंटचा उतार डॉक्टर असा आखू शकतात: ७.५, मग ५, मग २.५, मग १.२५, मग बंद. प्रत्येक टप्पा दोन ते चार आठवड्यांचा. पाच मिग्रॅच्या गोळीचा अर्धा म्हणजे २.५, चतकोर म्हणजे १.२५. गोळी कापायचा छोटा डबा मेडिकलमध्ये मिळतो, विळीवर किंवा सुरीने चतकोर नीट होत नाही.

शेवटचे टप्पे एवढे बारीक का? कारण अर्धा डोस म्हणजे अर्धा परिणाम नव्हे. मेंदूत सेरोटोनिन परत ओढून घेणाऱ्या पंपांचा मोठा भाग थोड्याशा औषधानेच अडवलेला असतो. १० वरून ५ वर येताना फरक बेताचा, ५ वरून शून्यावर येताना प्रचंड. जिना उतरताना शेवटची पायरीच सर्वांत उंच, म्हणून तिचे तुकडे करायचे. 'आता अर्धीच तर राहिलीय, सोडून द्या' हा सल्ला नेमका इथे पाय मोडतो.

नेहमीच्या चुका:

- एक दिवसाआड गोळी. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन साधारण एका दिवसात अर्धी होतात, तेव्हा एक दिवसाआड म्हणजे रक्तातलं प्रमाण रोज झोका घेत राहतं. रोज, पण कमी, हाच मार्ग.
- सावकाश सुटणारी गोळी कापणं.
- त्रास झाला तरी ठरलेल्या तारखेला पुढची पायरी उतरणं. आधीच्या पायरीवर थांबा, तिथे शांत झाल्यावरच पुढे.

गोळी चार आठवड्यांपेक्षा कमी काळ घेतली असेल तर एवढा लांब उतार सहसा लागत नाही. आणि आयुष्य थोड्या आठवड्यांचंच उरलं आहे हे दिसत असेल, तर सोसणारी, उपयोगी पडणारी गोळी कमी करत बसण्यात काही हशील नाही. गिळता येतं तोवर चालू ठेवतात.

## ९. गिळणं थांबतं तेव्हा

हे अचानक येत नाही. आधी पाण्याचा ठसका लागतो, मग गोळी गालात राहते. त्या पहिल्या ठसक्यालाच डॉक्टरांना विचारा की चिंतेच्या गोळीचं पुढे काय. जिभेवर विरघळणारं काही, जिभेखाली ठेवायचं किंवा कातडीखालून द्यायचं शांत करणारं औषध, अशी तयारी आधी करता येते. शुक्रवारी रात्री गिळणं बंद झालं आणि घरात काहीच नाही, अशी वेळ मग येत नाही.

शेवटच्या दिवसांतली तळमळ दिसली की तारीख पाहा. गोळी थांबून दोन-चार दिवस झाले असतील तर ते सांगा. जोडगोळी होती का, ते तर सांगाच. त्यासोबत ओटीपोटाला हात लावून लघवी तुंबल्याचा फुगवटा आहे का पाहा, शौच कधी झाली ते आठवा, दुखतंय का ते कपाळावरच्या आठ्यांवरून ओळखा. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात गोळी किंवा तिची पूड घालू नका, ती श्वासनलिकेत जाते.

उरलेल्या स्ट्रिपा लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि मेडिकलवाल्यांना विचारून विल्हेवाट लावा. घरातल्या दुसऱ्या कुणाला 'दोन दिवस झोप नाही, ही घे' म्हणून त्यातली गोळी देऊ नका.